मागच्या अंगानं येणारं पाणी : जुहूच्या दांड्यावरच्या एका सोसायटीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच सोसायटीचं आहे. मी पायाच्या कामाचा इंजिनिअर. बोअर घेणं, मातीचे नमुने तपासणं, पाइल, म्हणजे पायाचा जमिनीत उतरवलेला खांब, किती खोल न्यायची ते ठरवणं यात तीस वर्षं गेली. तरी ज्या इमारतीत लहानाचा मोठा झालो तिच्या खालची जमीन मी पहिल्यांदा नीट वाचली ती २०२२ मध्ये, पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा. सोसायटीचं, विकासकाचं आणि सभासदांचं नाव देत नाही, नेमका पत्ताही नाही. बाकी सगळं सांगतो, कारण हाच प्रस्ताव थोड्याफार फरकानं जुहू ते वर्सोवा पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या टेबलावर आज पडलेला आहे.

इमारत १९७४ ची. तळमजला अधिक तीन, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. प्लॉट साधारण सोळाशे चौरस मीटर. पश्चिमेला रस्ता, त्यापलीकडे बंगल्यांची एक रांग आणि मग समुद्र. पूर्वेला मागची गल्ली, आणि तिथून जमीन हळूहळू उतरत नाल्याच्या दिशेनं जाते. हा उतार डोळ्यांना जाणवत नाही. सायकल चालवणाऱ्या पोराला जाणवतो, कारण गल्लीतून घराकडे येताना पॅडल थोडं जड लागतं.

इमारत पाडायला हवी याबद्दल दुमत नव्हतं. खाऱ्या हवेनं सळ्या फुगल्या होत्या, स्लॅबचे पोपडे पडत होते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायचं तर चार माणसं लागत. वाद होता तो काय बांधायचं आणि किती बांधायचं यावर.

विकासकाचा प्रस्ताव असा होता : प्लॉटच्या हद्दीपासून हद्दीपर्यंत दोन मजली तळघर, त्यावर स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा मजला, वर दहा मजले. जुहूचा विमानतळ जवळ असल्यामुळे उंचीवर बंधन आहे. मिळणारा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या पटीत मंजूर होणारं बांधकाम, वर नेता येत नाही, म्हणून इमारत आडवी पसरते आणि गाड्या जमिनीखाली जातात. मीटर रूम, आगीचा पंप, जनरेटर आणि सांडपाण्याचा प्लांट वरच्या तळघरात. समोरची बाजू प्रवेशद्वाराला आणि लॉबीला हवी म्हणून तळघराचा रॅम्प मागच्या गल्लीत. बाग तळघराच्या स्लॅबवर माती टाकून. समुद्राच्या बाजूला मात्र साडेचार फुटांची आरसीसी भिंत दाखवली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, ‘वादळ-संरक्षण’.

सभेत त्या भिंतीचं कौतुक झालं. रॅम्पबद्दल कुणीही एक शब्द विचारला नाही.

जमीन कसली आहे

जुहू हे एकोणिसाव्या शतकात बेट होतं. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगत, समुद्रातून जेमतेम मीटर-दोन मीटर वर आलेला वाळूचा लांबट, अरुंद पट्टा. मधल्या खाडीतून ओहोटीच्या वेळी पाण्यात पाय घालून पलीकडे जाता येई. पोर्तुगीज त्याला ‘जुवें’ म्हणत. कोकणीत जुवें म्हणजे आजही बेट; गोव्यातलं सांत इस्तेव्ह बेट लोकांच्या तोंडी जुवेंच आहे. असल्या वाळूच्या पट्ट्याला किनाऱ्यावर दांडा म्हणतात. खारदांडा आणि रेवदंडा ही नावं त्यातलीच. आपण राहतो ती जमीन काय आहे हे आधीच्या माणसांनी गावाच्या नावातच सांगून ठेवलेलं होतं.

जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात इथे जमीन घेऊन मोठी वसाहत वसवायची योजना आखली होती. १९०४ मध्ये ते गेले आणि योजना मागे पडली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. ते उड्डाण सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची आणि त्या विमानसेवेला पावसाळ्यापुरतं पुण्याला हलावं लागायचं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणजे दांड्याच्या मागची जागा दरवर्षी पाण्यात जाते हे नव्वद वर्षांपूर्वी माहीत होतं, आणि माणसं त्या हिशेबानं आपलं वेळापत्रक बदलत होती.

मधली खाडी भरत भरत आता नाल्यांच्या रूपात उरली आहे. खाजणावर वस्ती झाली, तिवरं गेली. वरून पाहिलं तर जुहू बेट राहिलेलं नाही. पण पाण्याला नकाशा दिसत नाही, त्याला उंची कळते. पुढे उंच वाळू आणि मागे खोलगट जमीन हा आकार अजून तसाच आहे.

असला पट्टा जिवंत कसा राहतो ते थोडं सविस्तर सांगायला हवं. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून खोल पाण्यात नेतात आणि दिवाळीनंतर शांत समुद्र तीच वाळू परत आणून टाकतो. आमच्याकडे चाळीस वर्षं मासळी घेऊन येणाऱ्या कोळीवाड्यातल्या मावशी हे सहज सांगायच्या, की पुळण आषाढात बसते आणि कार्तिकात उठते. मोठ्या वादळात लाटा पट्ट्याच्या माथ्यावरून जातात आणि वाळू मागच्या खाडीत लोटतात. पुढून झिजलं तेवढं मागे भरतं, आणि सगळा पट्टा पावलापावलानं जमिनीकडे सरकतो. माथ्यावरची वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल, जांभळ्या फुलांची, वाळूवर दूरवर पसरणारी. ‘मर्यादवेल’ हे नाव ज्यानं दिलं त्याला समुद्राची हद्द कुठवर धरायची ते नक्की कळत होतं. पट्टा सरकतो म्हणून टिकतो. त्यावर भिंत, रस्ता आणि इमारत खिळली की सरकणं थांबतं. झीज मात्र चालू राहते.

जगातलं याचं सगळ्यात कडू उदाहरण टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनचं आहे. ते शहरही अशाच वाळूच्या बेटावर वसलेलं, आणि त्याची सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून तीन मीटरसुद्धा नव्हती. तिथल्या हवामान कार्यालयाच्या प्रमुखानं, आयझॅक क्लाइननं, १८९१ मध्ये लिहिलं होतं की वादळानं या शहराचं मोठं नुकसान होईल ही भीती निराधार आहे. ८ सप्टेंबर १९०० ला वादळ आलं. आधी उत्तरेच्या वाऱ्यानं मागच्या उपसागराचं पाणी गावात ढकललं, मग पुढून समुद्र चढला. साडेचार मीटरहून जास्त पाणी. सहा ते बारा हजार माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासात इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याही नैसर्गिक आपत्तीत गेलेली नाहीत. त्यानंतर गावानं पाच मीटर उंचीची भिंत बांधली. पहिला टप्पा १९०४ ला पुरा झाला. दोन हजारांहून जास्त इमारती जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळू भरली. ही जिद्द पाहून थक्क व्हायला होतं. पण भिंतीपुढची पुळण झिजत गेली, आणि सप्टेंबर २००८ मध्ये आईक वादळ आलं तेव्हा भिंतीमागच्या शहरात पाणी शिरलं ते मुख्यतः मागच्या, उपसागराच्या बाजूनं.

जुहू म्हणजे गॅल्व्हस्टन असं मी म्हणत नाही. लांबलचक बेटं तयार होतात ती भरती-ओहोटीतलं अंतर कमी असलेल्या किनाऱ्यांवर. मुंबईत उधाणाला हे अंतर चार मीटरच्या वर जातं, त्यामुळे आपले दांडे आखूड आहेत आणि फार खोल न जाता खाली खडक लागतो. मोठी वादळंही तिकडच्या मानानं इथे क्वचित येतात. पण पाणी मागून येतं ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि आमच्या प्रस्तावात नेमकी तीच धरलेली नव्हती.

२६ जुलै, आमच्या जिन्यात

२००५ च्या त्या मंगळवारी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमची इमारत त्या वेधशाळेपासून फार दूर नाही. मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती, तेही ओहोटी असेल तर. दुपारच्या भरतीचा आकडा होता ४.४८ मीटर.

या आकड्यात बरीच माणसं फसतात, म्हणून थांबून सांगतो. वर्तमानपत्रात येणारी भरतीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती मोजतात जवळजवळ सर्वात खोल ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर येते. म्हणजे ४.४८ ची भरती ही समुद्रसपाटीच्या सुमारे दोन मीटर वर. मीटर-दोन मीटर उंचीच्या त्या जुन्या दांड्याशी हा आकडा ताडून बघा. भरतीच्या वेळी नाल्याचं तोंड समुद्रानं बंद केलेलं असतं, आणि पार्ले-अंधेरीकडून उतरणारं पावसाचं पाणी दांड्याच्या मागे साचत राहतं.

मी त्या रात्री कांजूरला अडकलो होतो. घरी आई एकटी होती. आमचं घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे ती सुरक्षित होती. पण तळमजल्यावरची सहा कुटुंबं रात्रभर आमच्या आणि शेजारच्या घरांत बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चालत पोचलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर चिखलाची रेघ होती. मीटरचे बोर्ड पाण्यात गेल्यामुळे पुढचे पाच दिवस वीज नव्हती. समुद्राकडच्या रस्त्यावर मात्र पोटरीएवढंसुद्धा पाणी चढलं नव्हतं.

सतरा वर्षांनी सभेत मी हे बोललो तेव्हा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘‘अरे, समुद्र तर समोर आहे. पाणी मागून कसं येईल?’’

मी विचारलं, ‘‘काकू, तेव्हा तुमचा फ्रिज कुठे तरंगत होता?’’

‘‘स्वयंपाकघरात. मागच्या दारातून लोंढा आला आणि...’’ त्या बोलता बोलता थांबल्या. मग त्याच इतरांना सांगू लागल्या, की आधी मोरीतून पाणी वर आलं, मग मागचं दार ढकललं गेलं, आणि समोरच्या खोलीत यायला अर्धा तास लागला. माझ्या सगळ्या आलेखांनी झालं नसतं ते काम त्या पाच मिनिटांत झालं.

पंचमीचं वादळ

विकासकाच्या सल्लागाराचं म्हणणं होतं की २०२१ चं तौक्ते येऊन गेलं, इमारतीला काही झालं नाही, तेव्हा वादळाचा प्रश्न सुटलेला आहे. त्याला उत्तर द्यायला मला पंचांग काढावं लागलं.

तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईसमोरून गेलं. ते किनाऱ्याला लागलं गुजरातेत, ऊना-दीवच्या बाजूला. तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदले गेले आणि भर समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून साठाहून अधिक कामगार मेले. त्या दिवशी तिथी होती वैशाख शुद्ध पंचमी. अमावास्येचं उधाण ओसरून समुद्र भांगाकडे, म्हणजे कमी उंचीच्या भरतीकडे, निघाला होता. तेच वादळ सहा दिवस आधी, अमावास्येला, भर भरतीत आलं असतं तर मूळ पाणीच बरंच वर असतं आणि वाऱ्यानं चढवलेलं पाणी त्यावर बसलं असतं.

आदल्या वर्षीचं निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. डोळा दक्षिणेला राहिल्यामुळे मुंबईवरचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आणि पाणी ढकललं गेलं ते श्रीवर्धन-मुरुडच्या अंगावर. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. डोळा आमच्याही उत्तरेला सरकला असता तर तो वारा आमच्या वाट्याला आला असता. दोन वादळं, दोन्ही वेळा नशीब. नशिबावर इमारतीचा नकाशा बेतता येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तर दाखवलंय की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली.

(१८८२ मध्ये मुंबईत वादळानं लाखभर माणसं मेली अशी एक गोष्ट फिरते. सभेतही ती कुणीतरी काढली. त्या काळच्या कागदपत्रांत तिला आधार नाही. खऱ्या गोष्टी पुरेशा गंभीर असताना खोट्यानं भीती घालू नये, कारण खोटं उघडं पडलं की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.)

बोअरमध्ये काय लागलं

माती तपासणीचे चार बोअर घेतले. वर भराव, मग बारीक करडी वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे, त्याखाली काळी चिकट समुद्री माती, मग झिजलेला खडक. पाणी एप्रिलमध्ये जमिनीखाली दोन मीटरवर, आणि ऑगस्टमध्ये मीटरभरावर. शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे.

पाण्यात बुडालेलं रिकामं तळघर ही होडी असते. साडेसात मीटर खोल तळघर, पाणी जमिनीखाली एक मीटरवर, म्हणजे साडेसहा मीटर भाग पाण्यात. दर मीटरला चौरस मीटरमागे एक टन वर ढकलणारा जोर येतो. तळघराचं क्षेत्र अकराशे चौरस मीटर धरलं तर सात हजार टनांच्या वर जोर होतो. दहा मजले जिथे उभे आहेत तिथे इमारतीचं वजन हा जोर दाबून धरेल. पण तळघर हद्दीपासून हद्दीपर्यंत आणि इमारत मध्यभागी; कडेच्या भागावर फक्त बागेची माती. तिथे जमिनीत अँकर मारून तळ खाली बांधून ठेवावा लागतो, आणि ते अँकर खाऱ्या पाण्यात पन्नास-साठ वर्षं न गंजता टिकायला हवेत. बांधकाम चालू असताना तर वर वजनच नसतं. दोन पावसाळे पंप अखंड चालवून पाणी उपसत राहावं लागतं. हे अशक्य आहे असं नाही. मी स्वतः अशी कामं केली आहेत. पण त्याची किंमत आहे, आणि ती किंमत शेजारीसुद्धा भरतात.

ती अशी. वाळूच्या दांड्याखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी खाऱ्याला दाबून धरतं. वरची पातळी एक मीटरनं उपसली की खालून खारं पाणी तितक्याच पटीनं वर येतं. जुहूच्या जुन्या बंगल्यांतल्या विहिरी याच पातळ थरावर जगल्या. त्यातच तळघराभोवतीची भिंत खडकापर्यंत नेली की जमिनीखालून समुद्राकडे झिरपणारं पाणी अडतं. एक तळघर असेल तर पाणी वळसा घालून जातं. गल्लीतल्या सगळ्या प्लॉटांनी एकमेकांना चिकटून तळघरं केली तर जमिनीखाली बांधच तयार होतो, आणि तो नेमका दांड्याच्या मागे साचणाऱ्या पाण्याच्या वाटेत उभा राहतो. प्रत्येक प्लॉटचा अहवाल स्वतंत्र येतो, त्यामुळे हा बांध कुठल्याच कागदावर दिसत नाही.

आता रॅम्प. सहा मीटर रुंद रॅम्पच्या तोंडावरून फूटभर उंचीचं पाणी आत लोटलं तर मिनिटाला सुमारे शंभर घनमीटर पाणी आत जातं. अकराशे चौरस मीटरचा, तीन मीटर उंचीचा खालचा मजला पाऊण तासाच्या आत छताला टेकतो. लोक म्हणतील, एवढ्या वेळात माणसं बाहेर पडतील. पण माणसं बाहेर पडत नाहीत, खाली उतरतात, गाडी काढायला. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये हिन्नामनोर वादळाच्या पावसात एका गृहसंकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये सात जण असेच गेले. गाड्या हलवा अशी सूचना झाली होती, म्हणून ते खाली गेले होते. त्यानंतर दोन वर्षांनी दिल्लीत एका शिकवणीच्या तळघरातल्या वाचनालयात तीन विद्यार्थी बुडाले. तिथे तर समुद्रही नव्हता. आमच्या नकाशात आगीचा पंप, जनरेटर आणि लिफ्टचा खड्डा, सगळं त्याच पाण्यात होतं. सत्तरीच्या पुढची माणसं दहाव्या मजल्यावर आणि वीज नाही, हे चित्र मी सभेत उभं केलं. भीती घालायला नाही. २००५ मध्ये आम्ही निदान तीन मजले चढू शकत होतो.

कायदा काय म्हणतो

आमचा प्लॉट सीआरझेड-दोन मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या आधीच वस्ती झालेल्या भागात येतो, रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनं इथला एफएसआय त्या दिवशीच्या नियमांवर गोठवला होता. उपनगरात तो एक होता. त्यामुळे जुन्या इमारती पाडून बांधणं तीस वर्षं परवडतच नव्हतं आणि माणसं गळक्या छताखाली राहिली. तो अन्याय होता, हे मी मान्य करतो. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनं बंधन काढलं, सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईचा किनारा आराखडा मंजूर झाला, आणि गोठलेलं सगळं एकदम वितळलं. तीस वर्षांचं राहिलेलं बांधकाम पाच-सात वर्षांत एका अरुंद दांड्यावर उतरतंय. त्याच अधिसूचनेत धोक्याची रेषाही आहे, लाटा, भरती आणि झीज धरून आखलेली. पण ती आपत्ती व्यवस्थापनासाठी आहे; त्या रेषेच्या आत काय बांधायचं हे ती ठरवत नाही.

महापालिकेच्या परवानगीतली एक अट मला वेगळ्या कारणानं खटकते. सखल प्लॉट टाऊन हॉल डेटमच्या (मुंबईत उंची मोजायची महापालिकेची ठरलेली पातळी; ती समुद्रसपाटी नव्हे) २७.५५ मीटरपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर वर, यातलं जे जास्त असेल तिथवर भरून घ्यायचा. एका प्लॉटसाठी नियम शहाणाच आहे. पण डांबराच्या थरांनी रस्ता चढतो, मग नवी इमारत त्याहून वर, आणि आधी त्या प्लॉटवर थांबणारं पाणी जुन्या शेजाऱ्याच्या अंगणात जातं. आमच्या सोळाशे चौरस मीटरवर ताशी शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एका तासात दहा हजार लिटरचे सोळा टँकर पाणी होतं. उघडी वाळू त्यातलं बरंचसं पिऊन टाकते. स्लॅबवरची बाग पीत नाही, ती पाणी गटारात पाठवते. मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची, म्हणजे इमारतीच्या खालच्या पार्किंग मजल्याच्या छतावरची, चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितलं होतं. तो मुद्दा हिरवळीचा आणि खेळायच्या जागेचा होता. आमच्यासाठी तो पाणी मुरण्याचाही होता.

काय ठरलं

तीन विशेष सभा झाल्या. पहिलीत मला ‘विकासाच्या आड येणारा’ म्हटलं गेलं. त्याचा त्रास झाला, कारण म्हणणाऱ्या माणसाच्या मांडीवर मी वाढलोय. त्यांची चिंता खरी होती. मुलगा परदेशी, पेन्शन तुटपुंजी, आणि कॉर्पसची, म्हणजे विकासक सभासदांना देतो ती एकरकमी, रक्कम म्हणजे दोघांच्या औषधांची सोय. तळघर गेलं की गाड्या कमी, गाड्या कमी की विक्रीचे फ्लॅट स्वस्त, आणि त्याची कात्री कॉर्पसला लागणार. हे गणित मी टाळलं नाही. दुसऱ्या सभेत खजिनदारांनी फळ्यावर तेच मांडलं आणि त्याशेजारी तळघराचा खर्चही मांडला : खडकापर्यंतची भिंत, अँकर, दोन पावसाळ्यांचा उपसा, आणि नंतर दर महिन्याला गळतीचे पंप चालवायचं वीजबिल, जे देखभाल खर्चात आम्हीच भरणार. फरक उरला, पण वाटला होता त्याहून बराच कमी.

शेवटी तळघर रद्द झालं. गाड्या स्टिल्टमध्ये आणि एका पोडियमवर, यांत्रिक पार्किंगमध्ये. दोन गाड्या मागणाऱ्या चार सभासदांनी एकीवर समाधान मानलं. मीटर, जनरेटर आणि आगीचा पंप पोडियमच्या पातळीवर गेले. मागच्या बाजूला अडीचशे चौरस मीटर वाळू उघडी ठेवायची, तिच्याखाली काही बांधायचं नाही, असा ठराव झाला. पावसाचं पाणी आधी तिथे येईल आणि भरल्यावरच गल्लीत जाईल. काकूंनी आग्रह धरला म्हणून मागच्या प्रवेशाची पायरी २००५ च्या चिखलरेघेच्या दोन फूट वर धरली. रेघ मी तेव्हाच जिन्याच्या भिंतीवर खिळ्यानं कोरून ठेवली होती. इमारत पाडायच्या आधी सर्व्हेअर आणून तिची पातळी डेटममध्ये नोंदवून घेतली.

दोन गोष्टी मला मिळवता आल्या नाहीत. समुद्राकडची भिंत राहिली. लाटा तिच्यापर्यंत यायच्या आधी पुढचे बंगले आहेत. ती काहीच अडवणार नाही, उलट मागून आलेलं पाणी समुद्राकडे उतरताना अडवेल. तिच्यात तळाशी झडपांची भोकं ठेवायला विकासक तयार झाला, तेवढंच. दुसरी गोष्ट आमच्या हातातली नव्हती. गल्लीतल्या चार सोसायट्यांनी मिळून एकच माती-पाण्याचा अहवाल करावा आणि तळघरांबद्दल एकत्र ठरवावं, असं पत्र आम्ही पाठवलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. एक तयार झाली. चौथीत तोवर खोदकाम सुरू झालं होतं.

त्या चौथ्या प्लॉटवर आता रात्रंदिवस पंप चालतात. उपसलेलं पाणी रस्त्याकडेच्या गटारात जातं आणि सकाळी गटाराच्या कडेला बारीक करडी वाळू साचलेली दिसते. पाण्याबरोबर वाळू येते आहे म्हणजे आजूबाजूची जमीन खालून पोकळ होते आहे, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागू नये. मी त्यांच्या कामावरच्या इंजिनिअरला जाऊन भेटलो, फिल्टर बदला म्हणालो. मुलगा चांगला होता, त्यानं बदलला.

आमच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या इमारतीच्याही आधीची एक दगडी विहीर आहे. नव्या नकाशात ती उघड्या वाळूच्या पट्ट्यात राहिली आहे. लहानपणी टँकरचा संप झाला की सगळी सोसायटी तिचं पाणी प्यायची. गेल्या एप्रिलपासून तिचं पाणी मचूळ लागतं. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, भरतीच्या वेळी, मी कठड्यावरून दोरी सोडून पाण्याची पातळी मोजतो, बाटलीत नमुना घेतो आणि तारीख, तिथी, भरतीचा आकडा असं वहीत लिहितो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा नातू बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतो. पंप बंद होऊन एक पावसाळा गेल्यावर पाणी परत गोडं होतं का, ते या वहीतून कळेल.